चोडण बेटावरील एक सकाळ



डिसेंबरच्या तीन तारखेस संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्तासाठी जुन्या गोव्याची वाट धरणारी कुटुंबे आपल्या सीमाभागात थोडीथोडकी नाहीत. कोणी चोर्ला घाटाने उतरतात, कोणी अनमोडच्या वाटेने. मिस्सा ऐकावी, संताच्या पायाशी आपले गाऱ्हाणे घालावे, जत्रेतून लेकराबाळांसाठी खाजे विकत घ्यावे आणि संध्याकाळच्या आत परतीची गाडी गाठावी, असा आपला बहुतेकांचा शिरस्ता. परंतु जुन्या गोव्याहून पणजीच्या दिशेने थोडेसे पुढे गेले की रायबंदर लागते, आणि तेथील धक्क्यावर उभे राहिले की मांडवीच्या पलीकडे हिरव्यागार झाडीचे एक बेट दिसते, याची दखल फारच थोडे घेतात. त्या बेटाचे नाव चोडण. या लेखात मी त्या बेटाविषयी, तेथील पाखरांविषयी आणि पाखरांची छायाचित्रे घेताना मला मिळालेल्या एका धड्याविषयी लिहिणार आहे.

यंदा फेस्ताला जाताना आमच्या धर्मग्रामातील एक तरुण माझ्याबरोबर होता. लहानपणी तो माझ्या मिस्सेला सेवा करीत असे. आता महाविद्यालयात शिकतो. आखातात नोकरी करणाऱ्या त्याच्या थोरल्या भावाने त्याला एक चांगला कॅमेरा आणि लांब पल्ल्याचे भिंग पाठविले होते. घरात त्यावरून कुरबुर होती. "एवढ्या पैशांत गोठ्याचे छप्पर झाले असते," असे त्याची आई मला दोनदा म्हणाली होती. मुलाची तक्रार निराळी होती. "फादर, यंत्र एवढे भारी, पण चित्रे पुसटच येतात. पक्षी दिसतो, पण त्याच्यात जीव दिसत नाही." मलाही तरुणपणापासून या छंदाची थोडी ओळख असल्यामुळे फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी त्याला चोडणला घेऊन जाण्याचे मी ठरविले.

पहाटे आम्ही रायबंदरच्या धक्क्यावर आलो. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा जो लांबलचक दगडी बांध आहे, तो पोर्तुगीजांनी इ. स. १६३३-३४ च्या सुमारास बांधला. त्याला पोन्ते द लिन्हारेस म्हणतात. त्या बांधावरून अजूनही वाहने धावतात. धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि दहा मिनिटांच्या आत माणसाला पलीकडे नेऊन सोडते. बोटीत शाळेची मुले होती, मासे विकून परतणाऱ्या बाया होत्या, आणि दुचाकीला दुधाचे कॅन लावलेला एक गृहस्थ होता. पाण्यावर धुके होते. मी त्या मुलाला म्हटले, "हे पाणी ओळखतोस का? ही मांडवी म्हणजेच आपली म्हादई. आपल्या खानापूर तालुक्यातील डोंगरात जी उगम पावते, तीच ही." तो बराच वेळ कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत राहिला. आपल्या रानातला पाऊस येथवर येऊन समुद्राला मिळतो, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि बोटीत उभे राहून पाहणे वेगळे.

चोडण हे जुने बेट आहे. जेझुइट संघाचे नवदीक्षितगृह एकेकाळी येथे होते, आणि पुढे धर्मगुरू घडविणारी सेमिनरीही येथे चालली. आज त्या वैभवाच्या खुणा थोड्या उरल्या आहेत; परंतु सेंट बार्थोलोम्यूचे चर्च आहे, माडांच्या सावलीतली कौलारू घरे आहेत, आणि बेटाच्या पश्चिम टोकास पाखरांचे अभयारण्य आहे. सुमारे १७८ हेक्टरांचे हे अभयारण्य १९८८ साली घोषित झाले आणि त्याला डॉ. सलीम अली यांचे नाव देण्यात आले. १८९६ साली जन्मलेल्या आणि १९८७ साली निवर्तलेल्या या पक्षिशास्त्रज्ञाची कथा लक्षात ठेवण्यासारखी आहे. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी तो मुलगा तिला घेऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि तेथे कपाटे भरून मांडलेले पक्षी पाहून त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. पुढे १९८५ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचे नावही त्यांनी एका चिमणीच्या पडण्यावरूनच ठेवले. एका चुकीतून एवढे मोठे काम उभे राहिले. या गोष्टीची आठवण मला त्याच सकाळी आणखी एकदा होणार होती.

वनखात्याचे तिकीट घेऊन आम्ही होडीत बसलो. होडीवाला बेटावरचाच, साठीच्या घरातला, कोकणी बोलणारा. भरती नुकतीच चढू लागली होती. खाडीच्या दोन्ही तीरांना तिवरांचे रान आहे. तिवराची श्वसनमुळे चिखलातून खिळ्यांप्रमाणे वर आलेली असतात, तर कांदळाची मुळे कमानी करून उभी असतात, जणू झाड पाण्यात पाय ठेवताना साडी सावरते आहे. ओहोटीच्या वेळी चिखल उघडा पडतो. त्यावर निवट्या उड्या मारतात, एकच मोठी नांगी हलवीत खेकडे बिळातून डोकावतात, आणि त्यांना टिपण्यासाठी पक्षी येतात. भरती आली की हे ताट झाकले जाते. खाडीतल्या पाखरांचा सारा दिनक्रम घड्याळावर नव्हे, या पाण्याच्या चढउतारावर चालतो.

पहिल्याच वळणावर एका कांदळाच्या मुळावर हिरवा बगळा दिसला. मान आखडून, पाठ वाकवून, पाण्याकडे नजर लावून तो इतका निश्चल बसला होता की होडीवाल्याने बोट दाखविल्यावाचून आम्हांला तो दिसलाच नसता. मुलाने धडाधड वीस-पंचवीस चित्रे घेतली आणि लगेच मागच्या पडद्यावर पाहिली. समोरचे मूळ काचेसारखे स्पष्ट. बगळा मात्र धुक्यातला.

येथे आमची शाळा सुरू झाली. ती सर्वांच्याच उपयोगाची असल्यामुळे थोडक्यात सांगतो. यंत्राला स्वतःची जागा स्वतः निवडू दिली, तर ते बहुधा जवळची आणि ठळक वस्तू पकडते. ते पक्षी ओळखीलच असे नाही. काही नव्या यंत्रांना पक्ष्याचा डोळा शोधता येतो. परंतु फांद्यांच्या गर्दीत तीही फसतात. म्हणून फोकसचा एकच छोटा ठिपका निवडावा आणि तो पक्ष्याच्या आपल्याकडील डोळ्यावर ठेवावा. डोळा स्पष्ट आला, तर शेपटी थोडी मऊ झाली तरी चित्र जिवंत वाटते. डोळा पुसट झाला, तर पिसन्‌पीस स्पष्ट येऊनही चित्र मेलेले राहते. चारशे मिलिमीटरचे भिंग, एफ ५.६ एवढे छिद्र आणि सहा मीटरवरचा पक्षी, असा हिशेब केला तर स्पष्टपणाची पट्टी जेमतेम पाच ते सात सेंटिमीटर जाडीची निघते. बगळ्याची चोच ते शेपूट ही लांबी त्याहून कितीतरी अधिक. तेव्हा आपल्याला सर्व काही मिळणार नाही, हे आधीच मान्य करून नेमके काय हवे ते ठरवावे लागते.

दुसरे कारण हात हलण्याचे. लांब भिंग जसे पक्ष्याला जवळ आणते, तसे आपल्या हाताचा कंपही मोठा करते. जुन्या छायाचित्रकारांचा नियम असा की, भिंग चारशेचे असेल तर शटर सेकंदाच्या चारशेव्या भागाहून मंद नसावे. बसलेल्या पक्ष्यासाठी पाचशेवा भाग बरा, उडणाऱ्यासाठी हजारावा किंवा दोन हजारावा. प्रकाश कमी असेल तर आयएसओ वाढवावा. चित्रात थोडे रवाळपण आले तरी चालेल, हललेले चित्र मात्र कशानेही सुधारत नाही. होडीत तर आणखी सावध राहावे लागते. इंजिन चालू असता भिंग काठावर टेकविले, की इंजिनाची सारी थरथर चित्रात उतरते. आम्ही होडीवाल्याला इंजिन बंद करावयास सांगितले. मुलाने कोपर छातीशी घेतले, श्वास सोडला, आणि मग बटण हलकेच दाबले.

तिसरी गोष्ट मांडणीची. त्याला पक्षी नेहमी चौकटीच्या बरोबर मध्यभागी ठेवण्याची सवय होती, जशी आपण लग्नातल्या चित्रात नवरानवरीची जोडी ठेवतो. मी म्हटले, "बगळा कुठे पाहतो आहे?" "पाण्याकडे, डावीकडे." "मग त्याला पाहावयास जागा दे. त्याच्या पाठीमागे मोकळी जागा ठेवून त्याचे तोंड भिंतीशी कशाला लावतोस?" पक्षी ज्या दिशेस पाहतो किंवा उडतो, त्या बाजूस अधिक जागा सोडावी. त्याचे पाय छाटू नयेत. पाण्यात प्रतिबिंब असेल तर तेही अर्धवट कापू नये. होडीत आपण उभे राहून खाली पाहिले तर पक्ष्यामागे फक्त चिखल येतो. बसून, शक्य तेवढे वाकून, त्याच्या नजरेच्या पातळीवर आलो तर मागची झाडी दूर जाते आणि मऊ होते. ज्याचे चित्र काढावयाचे त्याच्या पातळीवर उतरावे, हे सूत्र माझ्या मते केवळ कॅमेऱ्याचे नाही.

सूर्य वर आला तेव्हा आम्ही त्याला पाठीशी घेतले, म्हणजे पक्ष्यांच्या डोळ्यांत उजेडाचा बारीक ठिपका दिसू लागला. काळोख्या तिवरांपुढे पांढरा बगळा उभा असेल तर यंत्र काळोखाला भुलून चित्र अधिक उजळ करते, आणि बगळ्याची पिसे चुन्याच्या गोळ्यासारखी सपाट होतात. अशा वेळी एक्स्पोजर थोडे उतरवावे. आणि सकाळीच यावे. ऊन तापले की चिखलावरून गरम हवा थरथरत वर चढते, आणि मग महागातले भिंगही पाण्यातून पाहिल्यासारखे चित्र देते.

साडेनऊच्या सुमारास आम्ही एका उंचवट्यापाशी आलो. भरतीमुळे भोवतालचा चिखल बुडाला होता आणि उरलेल्या लहानशा पट्टीवर दोन-अडीचशे पक्षी दाटीने बसले होते. पांढरे बगळे होते, आणि पुष्कळसे लांब पायांचे, हिवाळ्यातले पाहुणे पक्षी होते. त्यांतील लाल पायांचे पक्षी लडाख आणि मध्य आशियातल्या पाणथळींत जन्म घेऊन हिवाळ्यासाठी आपल्या किनाऱ्यास येतात. कित्येकांनी चोच पाठीच्या पिसांत खुपसली होती. होडीवाला मागे वळून हळूच म्हणाला, "पाद्रीब, ताळयो मारूं? सगळीं सुकणीं उडतलीं." टाळ्या वाजवू का, सगळी पाखरे उडतील, असे तो आपुलकीने विचारीत होता. येणाऱ्या पाहुण्यांना असेच चित्र हवे असते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते.

मुलाने माझ्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत विनंती होती. खरे सांगावयाचे तर माझ्याही मनात तीच इच्छा होती. कोवळे ऊन, मागे हिरवे तिवर आणि एकदम उठणारे अडीचशे पंख! असे चित्र आयुष्यात एकदा मिळते. मी क्षणभर गप्प राहिलो. मग माझ्या प्रार्थनापुस्तकात अनेक वर्षे ठेवलेले एक छोटे छायाचित्र काढून मी त्याच्या हाती दिले.

त्यात शिपाई बुलबुलाची दोन पिले आहेत. चोची उघड्या, गळ्यातला लाल रंग स्वच्छ, डोळा सुईच्या टोकासारखा स्पष्ट. तो म्हणाला, "फादर, हे तुम्ही काढले? किती सुंदर आहे!"

मी काढले होते, माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावी. धर्मगुरूच्या घराच्या कुंपणात ते घरटे होते. पानांमुळे उजेड पुरत नव्हता, म्हणून मी दोन डहाळ्या मागे ओढून दोऱ्याने बांधल्या. चित्र मनासारखे आले. तेवढ्यात कोणा आजाऱ्याकडे जाण्याचे बोलावणे आले, आणि डहाळ्या सोडण्याचे मी विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावर कावळा बसलेला दिसला. घरटे रिकामे होते. आईबाप दिवसभर चोचीत किडे घेऊन त्या दोऱ्याभोवती घिरट्या घालीत राहिले. आईने ज्या पानांत पिले लपविली होती, ती पाने मी उजेडासाठी दूर केली होती. पुष्कळांनी त्या चित्राची स्तुती केली; एकदा मी ते बक्षिसासाठीही पाठविणार होतो. नंतर मी ते प्रार्थनापुस्तकात ठेवले, ते आजतागायत तेथेच आहे.

पाखराच्या छायाचित्राचा इतिहासही हेच शिकवितो. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंचे जे पुस्तक १८९५ साली निघाले, ते पक्ष्यांच्या घरट्यांचे प्रत्यक्ष रानात घेतलेल्या छायाचित्रांनी सजलेले पहिले पुस्तक मानले जाते. पाखरांनी बुजू नये म्हणून या भावांनी बैलाचे पोकळ कातडे करून त्यात लपून तासन्‌तास काढले. यंत्र जड, काचेच्या पट्ट्या मंद. तरी त्यांनी पाखरांना उठविण्याऐवजी स्वतःला लपविले. उलट, एरिक हॉस्किंग या नामवंत छायाचित्रकारावर १९३७ साली घरट्यापाशी एका मादी घुबडाने झेप घेतली आणि त्यांचा डावा डोळा कायमचा गेला. त्यांनी त्या घुबडावर राग धरला नाही. ती आपल्या पिलांचे रक्षण करीत होती, हे ते जाणून होते. आपल्या देशात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरटी आणि अंडी यांना त्रास देणे हेही शिकारीतच गणले आहे. परंतु कुंपणापाशी पाहावयास पोलीस नसतो. तेथे आपली सदसद्विवेकबुद्धीच असते.

मी त्याला एवढेच म्हटले, "ही पाखरे हजारो मैलांवरून आली आहेत. त्यांचे ताट पाण्याखाली गेले आहे. ओहोटी होईपर्यंत त्यांना एवढीच बसावयास जागा आहे. आपण टाळी वाजविली तर आपल्याला चित्र मिळेल, त्यांची विश्रांती मोडेल. आपल्यामागून दुसरी होडी येईल, मग तिसरी. आता तू सांग."

तो बराच वेळ बोलला नाही. मग होडीवाल्याला म्हणाला, "नको काका, बसू द्या त्यांना."

आम्ही अर्धा तास तेथेच थांबलो. पाणी बोटाबोटाने चढत होते. पट्टी लहान होत गेली तसे काठावरचे पक्षी एकमेकांच्या अंगावरून उडी मारून मध्ये येऊ लागले, आणि शेवटी काही थवे आपण होऊन उठून पलीकडच्या बांधाकडे गेले. मुलाने फोकस सतत पक्ष्यामागे धावेल अशी योजना केली होती आणि त्याने पुष्कळ प्रयत्न केला. पण ती चित्रे चांगली आली, असे म्हणून मी तुमची फसवणूक करणार नाही. कोठे पंख कापला गेला, कोठे क्षितिज कलंडले, कोठे एकाचाही डोळा स्पष्ट नाही. तीनशे चित्रांतून एक राहिले, ते सकाळच्या हिरव्या बगळ्याचे. त्याच्या शेपटीवरून एक मूळ आडवे गेले आहे. परंतु पिवळा डोळा स्पष्ट आहे, आणि ज्या पाण्याकडे तो पाहत आहे, त्याला चौकटीत पुरेशी जागा आहे. त्याच्या आईने ते चित्र चौकटीत बसवून घरात, पवित्र कुटुंबाच्या तसबिरीखाली लावले आहे. गोठ्याचे छप्पर मात्र अजून व्हावयाचे आहे, हेही ती सांगितल्यावाचून राहत नाही.

ईस्टरनंतर तो मुलगा एका संध्याकाळी माझ्याकडे आला. म्हणाला, "फादर, आमच्या परसातल्या लिंबावर बुलबुलाने घरटे केले आहे. तीन पिले आहेत." मी विचारले, "चित्र काढलेस?" तो म्हणाला, "खिडकीतून आईबापाची काढतो, ती ये-जा करतात तेवढी. पिले उडाली की रिकाम्या घरट्याचे काढीन." तीन आठवड्यांनी त्याने मला ते चित्र आणून दिले. काड्या, मुळे, कोळ्याच्या जाळ्याचे धागे, एक सुकलेले पान. मी ते प्रार्थनापुस्तकात, त्या जुन्या चित्राशेजारी ठेवले आहे.

वाचकहो, प्रभूंनी आपल्या शिष्यांना आकाशातील पाखरांकडे पाहावयास सांगितले, हे आपण वेदीवरून अनेकदा ऐकतो. परंतु आपल्यापैकी किती जण खरोखर पाहतात? त्यासाठी चोडणला जावेच लागते असे नाही, आणि भारी यंत्रही लागत नाही. गावच्या तळ्यावर सकाळी अर्धा तास शांत बसावे. हाती मोबाइल असेल तर तोही पुरे. लांबचा पक्षी त्यात लहान येईल, पण त्याच्यासकट तळे, झाड, धुके येईल, आणि तेही चांगले चित्रच होय. मुलांना बरोबर न्यावे. गलोल घरी ठेवावी. घरटे दिसले तर त्याच्या पानांना हात लावू नये आणि परत फिरावे.

आणि पुढील वर्षी फेस्ताला गेलात, तर एक सकाळ रायबंदरच्या धक्क्यासाठी राखून ठेवा. होडीवाला टाळ्या वाजवू का म्हणून विचारील. त्याला काय उत्तर द्यावयाचे, ते घरातून निघतानाच ठरवून जा. कारण तेथे, त्या उन्हात, ठरविणे फार कठीण जाते.